चार बोटांचा उजेड

उदगीरात ज्या काळी टीव्हीची तार गच्चीवरून गच्चीवर जायची, त्या काळी दुपारी अडीच वाजता अर्धं गाव काय बघणार हे एकटे मन्मथआप्पा होनराव ठरवायचे. होनराव केबल म्हटलं की पोरंसोरंही घर दाखवायची. शिव्याही त्यांनाच पडायच्या म्हणा, पण मान होता. अशा माणसाला सत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरात कुठली कंपनी लावावी हे ठरवता येईना, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नाही आणि दोन दिवस नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

रविवारी संध्याकाळी सहाच्या आत सांगायचं होतं, आणि शुक्रवार तर उजाडलाही होता.

झालं होतं असं, की त्यांच्या मुलीनं, शिवलीलानं, हुबळीहून एक नवा पडदा पाठवला. शिवलीला तिथं डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. त्यामुळे तिनं पडद्याची गंमत आईबापाला नीट समजावून सांगितली होती. आपला जुना टीव्ही कसा, खोलीतल्या सगळ्यांना एकच चित्र फेकायचा. हा तसा नाही. याच्या एकेका ठिपक्यावर काचेचा बारीक भिंगकण बसवलेला आहे, आणि तो ठिपका एकाच वेळी शंभर दिशांना शंभर वेगळे रंग पाठवतो. वरच्या कडेचे दोन कॅमेरे बसलेल्या माणसाचे डोळे हुडकतात आणि पडदा त्या डोळ्यांपुरता, साधारण चार बोटं रुंदीचा, उजेड सोडतो. आवाजाचंही तेच. एका सोफ्यावर दोघं बसले तरी दोघांना दोन पिक्चर दिसतात, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकूही येत नाही.

‘आणि आप्पा, पिक्चर आधी केलेला नसतो,’ शिवलीला म्हणाली होती. ‘हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्यात रक्त येतं, कातडीचा रंग जरासा बदलतो. आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. डोळ्यातली बाहुली मोठी झाली, पापणी लवली, सगळं तो मोजतो. तुमचा जीव कुठं रमला हे बघून पुढचा प्रसंग तिथल्या तिथं विणतो.’

‘म्हणजे प्रेक्षकाची तोंडं बघून पिक्चर लावायचा,’ आप्पा म्हणाले. ‘ह्यात नवीन काय? मी तेच करायचो.’

आणि ते खरंच करायचे. कुणाकडे केबल दुरुस्तीला गेले की काम झाल्यावरही पाच मिनिटं टीव्हीच्या बाजूला पाठ टेकून उभे राहायचे. पडद्याकडे बघायचेच नाहीत, लोकांच्या तोंडाकडे बघायचे. कुठं बायका पदर तोंडाला लावतात, कुठं म्हातारे पुढं सरकतात. त्यावरून पुढच्या आठवड्याचे पिक्चर ठरायचे. माणसाचं तोंड आपल्याला वाचता येतं याची त्यांना पक्की खात्री होती.

पडदा आला, पण त्यावर कंपनी कुठली, हे घरानं ठरवायचं होतं. एका घराचे चेहरे एका वेळी एकाच कंपनीकडे राहतील, असा आता कायदा आहे. आधी दोन कंपन्या पंधरा-पंधरा दिवस चाखून बघता येतात. मग एक ठेवायची. दुसरीला तुमच्याविषयी जे जे कळलं ते सगळं पुसून टाकावं लागतं. पुढं कधी तीच पुन्हा लावली तरी तुम्ही तिला अनोळखी.

पहिले पंधरा दिवस त्यांनी ‘एकमेळ’ लावली. ती घरातल्या सगळ्यांचे चेहरे वाचून त्यातून सगळ्यांसाठी एकच पिक्चर विणायची. आप्पा खूश. एका धाडसी वायरमनची गोष्ट सुरू झाली, त्यात पाठलाग, गच्चीवरून उड्या, धरण फुटायची भीती आणि दर संध्याकाळी श्वास अडकेल अशा जागी थांबणं. आप्पा बायकोला कोपरानं ढोसायचे, ‘बघितलंस का? मी म्हटलं नव्हतं, तोच चोर असणार.’ महानंदाकाकू म्हणायच्या, ‘हो की.’ चेहरा शांत, हात मांडीवर. आप्पांनी वाचलं की हिलाही आवडतंय. पंचेचाळीस वर्षं ते हा चेहरा असाच वाचत आले होते.

दुसरे पंधरा दिवस ‘मनोरथ’चे. ती ज्याची त्याला वेगळी गोष्ट दाखवायची. आप्पांचा वायरमन इथंही धावला, उलट जास्तच जोरात धावला, कारण आता त्यांच्या आवडीत कुणाची भेसळ नव्हती. पण ढोसायला गेलं की बाजूला कुणी नव्हतं. म्हणजे महानंदाकाकू होत्या, हातभर अंतरावर सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या. पण हाक मारली तर ऐकायच्या नाहीत. ओठ किंचित उघडे, डोळे पडद्यावर, आणि चेहऱ्यावर काय होतं ते आप्पांना वाचताच येईना. हसू नाही, रडू नाही, भीती नाही. गॅसवरची भाजी एकदा करपली. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात भाजी करपू दिली नाही, तिची भाजी करपली.

‘काय बघत होतीस एवढं?’ आप्पांनी विचारलं.

‘काही नाही. असंच.’

‘असंच म्हणजे? गोष्ट काय आहे?’

‘गोष्ट नाही हो. नुसतं आहे.’

आता नुसतं म्हणजे काय, हे आप्पांच्या डोक्यात शिरेना. चार दिवसांनी त्यांनी वेगळ्या शब्दांत विचारलं, तेव्हाही तेच उत्तर. बायको सोफ्यावर बसते आणि रोज दोन तास कुठं तरी निघून जाते, आणि जिथं जाते तिथलं काही सांगत नाही. तिथं आपण आहोत का, हे विचारायची मात्र त्यांना भीती वाटली.

शुक्रवारी जेवताना त्यांनी विषय काढलाच. ‘रविवारी एकमेळ सांगून टाकतो. दोघांनी एकच बघितलेलं बरं.’

महानंदाकाकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि तो हातातच राहिला. ‘मला दुसरं हवं होतं,’ त्या म्हणाल्या.

ह्या घरात कपाट आलं, कूलर आला, मुलीचं लग्न ठरलं, धंदा बंद झाला, आणि प्रत्येक वेळी महानंदाकाकू ‘चालेल’ म्हणाल्या होत्या. हवं होतं, हा शब्द त्यांच्या तोंडून आप्पांनी पहिल्यांदाच ऐकला.

‘का पण? एकमेळवर तर तुला आवडत होतं की.’

‘तुम्हाला आवडत होतं.’ एवढं बोलून त्यांनी तो तुकडा खाल्ला.

शनिवारी सकाळी आप्पा गच्चीवर गेले आणि मुलीला फोन लावला. मनात आशा ही, की शिवलीला त्यांची बाजू घेईल. तिनं घेतलीही. दोघं म्हातारे एका घरात, आणि संध्याकाळी दोघं दोन दुनियांत, तिलाही ते बरं वाटलं नाही. पण बोलता बोलता ती म्हणाली, ‘एकमेळमध्ये एवढंच आहे आप्पा, ज्याचा ठोका जास्त उसळतो त्याला ते जास्त वजन देतं. तुम्ही उसळता. आई शांत बसते, म्हणून यंत्र समजतं की हिला काहीही चालेल. म्हणजे पिक्चर तसा तुमचाच होतो.’

‘शंभरातले किती माझे?’

‘तुमच्या घरचा आकडा बघितला मी. सत्त्याण्णव.’

आप्पांनी फोन खिशात टाकला आणि पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ उभे राहिले. यंत्रानं तोंड वाचलं होतं, आणि चुकलं होतं ते नेमकं आप्पा चुकायचे तसंच. याचा राग कुणावर काढावा हे काही त्यांना सुचेना.

त्या संध्याकाळी महानंदाकाकू नेहमीसारख्या साडेपाचला बसल्या. आप्पाही बसले. त्यांचा वायरमन रेल्वेच्या पुलाला लोंबकळत होता. आप्पांनी त्याला लोंबकळू दिलं आणि ते बायकोकडे सरकले. हातभर, मग वीतभर. तिच्या डोळ्यांसाठी सुटलेला उजेड चार बोटं रुंद, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तार कुठून कुठं जाते हे हुडकण्यात तर त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी आपली कानशिलाची बाजू हळूच तिच्या कानशिलाला टेकवली.

खरं सांगायचं तर लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या, सोफ्यावर, इतक्या जवळ ते दोघं कधी बसले नव्हते. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. आप्पांना उगीचच संकोच वाटला. एवढ्यात चित्र हललं, वायरमन विरघळला, आणि एक दुपार दिसू लागली.

नुसती दुपार. एक खोली, पिवळसर भिंत, एक उघडी खिडकी. खिडकीत पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या, आणि त्या पाण्यावरून उडालेलं ऊन छतावर हलतंय. बाहेर कडुनिंब. कुठं तरी लांब कुणीतरी गोधडी झटकतंय, त्याचा आवाज थोडा उशिरा येतोय. खिडकीपाशी एक बाई बसलीय, तोंड दिसत नाही, मांडीवरचे हात दिसतात. हातात काही नाही. निवडायला भाजी नाही, विणायला सुई नाही. ऊन छतावरून सरकत भिंतीवर येतं. एक मुंगी तांब्याच्या कडेनं अर्धा फेरा मारते, थांबते, परत फिरते. आणि पुढं काही होत नाही.

आप्पा वाट बघू लागले. आता कुणी तरी येईल, दार वाजेल, पत्र येईल. सवयच होती त्यांना. दहा मिनिटं गेली. कुणी आलं नाही. आणि त्या खोलीत पुरुषाची एक चप्पलसुद्धा नव्हती, खुंटीला शर्ट नव्हता. आप्पांनी कोपरा न् कोपरा बघून घेतला. ते कुठंच नव्हते.

त्यांच्या छातीत धडधडलं. आणि त्या दुपारी, त्या शांत खोलीत, फोन वाजला.

लाल रंगाचा जुना फोन होता तो. आत्तापर्यंत तिथं नव्हताच. बाईचे हात दचकले. फोन वाजतच राहिला, आणि बाजूला महानंदाकाकूंचा खांदा दगडासारखा ताठ झाला. आप्पांना काय झालं ते कळायला क्षण लागला. यंत्राला एका उजेडात दोन तोंडं सापडली होती. ते समजलं होतं की हा चार डोळ्यांचा एकच माणूस आहे, आणि त्याचा जीव घाबरा झालाय. म्हणून त्यानं गोष्टीत काही तरी वाजवलं. आप्पांनी झटकन डोकं मागं घेतलं.

‘तुम्ही होता होय,’ महानंदाकाकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. ‘तरी म्हटलं, हा फोन इथं कसा आला.’

‘थांबला का?’

‘थांबला.’

आप्पा सोफ्याच्या आपल्या टोकाला जाऊन बसले. वायरमन पुलावरून पडून मेलाही असता, तरी त्यांना आता त्याचं काही नव्हतं. त्यांना मागची खोली आठवत होती, जिला सगळे कंट्रोल रूम म्हणायचे. आप्पा दिवसभर खांबावर, आणि त्या खोलीत एकटी महानंदा. अडीचला ती सीडी घालायची, चित्र नीट येतंय का ते दहा मिनिटं बघायची. मग फोन सुरू व्हायचे. नळेगाव रोडला चित्रात मुंग्या येतायत, चौबाऱ्यात आवाज नाही, तुमचा माणूस अजून कसा आला नाही. ती एका हातानं फोन घ्यायची, दुसऱ्या हातानं कणीक मळायची. मध्ये सीडी बदलायला पळत यायची. शेवटी पुन्हा बघायची, पिक्चर संपला की नाही. अडीच-तीन हजार पिक्चर तिनं गावाला दाखवले असतील. त्यातल्या प्रत्येकाची सुरुवात तिला ठाऊक होती, शेवट ठाऊक होता. मधलं काहीच ठाऊक नव्हतं. मधल्या वेळात ती होनराव केबल होती.

‘महानंदा,’ ते म्हणाले. तिनं ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.

रविवारी साडेपाचला शिवलीलाचा फोन आला. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा चेहरा उमटला. ‘काय ठरलं? आई, तुला एकमेळ खरंच नको? आप्पा एकटे पडतील गं.’

महानंदाकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आप्पांना त्यांचा चेहरा आता जरा जरा वाचता यायला लागला होता, आणि तिथं काय येतंय ते त्यांना दिसलं. नेहमीचं ‘चालेल’ येत होतं. अजून दोन मिनिटं गेली असती तर ती म्हणालीच असती, आणि ती दुपार, तो तांब्या, छतावरचं ऊन, सगळं कुठल्याशा यंत्रातून कायमचं पुसलं गेलं असतं. आप्पांना फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळी ढोसायला बायको परत मिळाली असती. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. चांगलंच आलं, आणि थोडा वेळ रेंगाळलंही.

‘मनोरथ,’ आप्पा मोठ्यानं म्हणाले. ‘घराचा निर्णय. मनोरथ ठेवा.’

पडद्यानं विचारलं, खात्री आहे का. आप्पांनी अंगठा टेकवला. एकमेळनं पंधरा दिवसांत जे जे जाणलं होतं ते पुसलं जातंय, अशी एक ओळ आली आणि गेली.

‘आप्पा,’ शिवलीला म्हणाली, ‘पण तुम्ही एकटे...’

‘मी बघतो माझं. तू ठेव आता फोन.’

महानंदाकाकू उठून आत गेल्या. आत भांडी वाजली, नळ वाजला, पुन्हा शांत झालं. बाहेर येताना डोळे पुसून आल्या होत्या. त्या सोफ्यावर बसल्या, आणि आपल्या बाजूची गादी हातानं थोपटून म्हणाल्या, ‘इकडं सरका.’

‘नको. फोन वाजतो.’

‘वाजू द्या. सरका म्हणते ना.’

ते सरकले. कानशिलाला कानशील लावलं. खोली दिसली, खिडकी दिसली, आणि लगेच फोन वाजला. आप्पांनी श्वास धरला, तर तो जास्तच वाजायला लागला.

‘श्वास कशाला धरता? सोडा की,’ ती म्हणाली. तिचा आवाज इतक्या जवळून आला की त्यांच्या अंगावर काटा आल्यासारखं झालं. ‘काही व्हायची वाट बघू नका. इथं काही होत नसतं.’

‘मला जमायचं नाही ते.’

‘न जमायला काय झालं. ते ऊन बघा.’

आप्पा ऊन बघू लागले. आधी बघता येईना. नजर दाराकडे जायची, खुंटीकडे जायची, आपलं काही आहे का ते हुडकायची. फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा एकदा अर्धवट वाजायचा. मग तो कधी थांबला ते त्यांना कळलं नाही. छतावरचं ऊन भिंतीवर उतरलं. गोधडी झटकायचा आवाज आला, थोडा उशिरा. कडुनिंबाचं एक पान खिडकीत पडलं आणि तिथंच राहिलं. आप्पांना वाटलं, हे असं बघायला मिळावं म्हणून माणसं देवाच्या ओसरीवर जाऊन बसत असतील. तिचं कानशील ऊबदार होतं. तिचा श्वास चालला होता, त्यात आपला कुठला ते वेगळं काढता येत नव्हतं. नंतर त्यांना काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा पडदा काळा होता आणि खोलीत दिवेलागणीचा उजेड होता. त्यांचं डोकं महानंदाकाकूंच्या खांद्यावर होतं, मान आखडली होती. काकू हलल्या नव्हत्या. दीड तास तरी झाला असेल. त्यांचा हात बधिर झालेला दिसत होता, कारण दुसऱ्या हातानं त्या तो चोळत होत्या.

‘झोप लागली वाटतं,’ आप्पा ओशाळून म्हणाले. ‘पुढं काय झालं?’

‘काय होणार?’

‘फोन?’

‘नाही वाजला.’

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. कालपासून जे विचारायचं होतं ते आता विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. ‘त्या खोलीत मी कुठंच नाही,’ ते म्हणाले. ‘सगळं बघितलं मी. नाहीच.’

‘होतात की.’

‘कधी?’

‘आत्ता. तुम्हाला झोप लागली ना, तेव्हा. त्या खिडकीखाली कट्टा आहे, तो आधी दिसत नव्हता. त्यावर झोपला होतात. पाय पोटाशी घेऊन.’

‘मग उठवायचं ना,’ ते म्हणाले.

‘कशाला?’ महानंदाकाकू म्हणाल्या. ‘मला बरं वाटत होतं.’

मग आप्पांनी त्यांचा बधिर झालेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि तो चोळत बसले.